या गाडीनं काय काय वाहिलंय?

६ डिसेंबर, आल्वानी

आजपासून लिहायचं ठरवलं. घरात बोलायला कुर्शा आहे, पण तो कुत्रा असल्यामुळे प्रत्येक गोष्टीला शेपूट हलवतो. शेजारी शिओ काका आहेत, ते कुठल्याच गोष्टीला मानसुद्धा हलवत नाहीत. उरली ही वही.

माझी बायको एतेरी सप्टेंबरपासून माहेरी आहे, इथून दिवसभराच्या वाटेवर, राचाला. आईचा गुडघा दुखतो म्हणून गेली. एका गुडघ्याला इतके महिने लागतात का, हे मी विचारत नाही. काल फोनवर म्हणाली, "आधी गाडी घे. मग बघू." मग बघू म्हणजे मुलाचं बघू. तिनं तसं म्हटलं नाही, पण बायकोचं एवढं तरी नवऱ्याला कळतंच.

जुनी गाडी, निवा, मी विकून टाकली. ऑगस्टमध्ये वरून, तुशेतीतल्या उन्हाळी घरून, खाली येत होतो. आबानोची खिंड उतरलो आणि एतेरीच्या पोटात दुखायला लागलं. चौथा महिना होता. तेलावीच्या दवाखान्यात पोहोचलो तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, यात कुणाची चूक नसते, रस्त्याचीही नसते. मी हो हो म्हटलं. आठवड्यानं गाडी धुवायला काढली, पुढच्या सीटखाली हात घातला, तर कापडाची पुरचुंडी. लाल लोकरीच्या धाग्यानं बांधलेली. गाठ इतकी घट्ट की सुरीनं कापावी लागली. आत धुरावलेल्या डुकराचा तुकडा, एका बाजूनं खाल्लेला.

आमच्या तुशेतीत डुक्कर चालत नाही. खाली आल्वानीत कोणी खातं, कोणी नाही, मी नाही. पण खिंडीच्या वर न्यायचं नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नेलं की दरड येते, मेंढ्या मरतात, गाडी दरीत जाते. आणि मी ते सीटखाली घेऊन अख्खा उन्हाळा खिंड चढत-उतरत होतो.

जुलैमध्ये दोन पोलिश पोरं पाहुणे म्हणून वर नेली होती. त्यांचंच. मी अंगणात उभा राहून ओरडलो, "ज्यानं हे माझ्या गाडीत आणलं, त्यानं माझं मूल मारलं!" चार घरांना ऐकू गेलं असेल. एतेरी ओसरीवर राजमा निवडत बसली होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. बिचारी थकलीच होती तितकी.

येत्या जुलैत वर देवस्थानच्या जत्रेचं यजमानपद आमच्या घराकडे आहे. वडिलांनंतर आत्ता कुठे पाळी आली. बिअर गाळायची, मेंढा द्यायचा, पहिला पेला आपण उचलायचा. त्या पेल्याला देवापाशी काय मागायचं ते माझं ठरलंय. पण त्याआधी गाडी हवी, आणि ती स्वच्छ हवी. अंगणात नवी गाडी उभी राहिली की एतेरी येईल.

९ डिसेंबर

रविवारचा फोन.

"गाडी पाहिलीस?"

"बघतोय. उंच हवी, चारी चाकं ओढणारी हवी. मागे वेगळी दारं हवीत, निवाला नव्हती, पोर आत घालायचं म्हणजे पुढची सीट पाडा, वाका..."

"हं."

"आणि स्वच्छ हवी. कळलं ना कशी स्वच्छ?"

मग म्हणाली, "ते कोणी ठेवलं होतं, कळलं का रे?"

"कळायचंय काय त्यात? ते दोघं पोलिश."

"खाताना पाहिलंस तू त्यांना?"

"अशा गोष्टी कोणी दाखवून खातं का?"

"नाही," ती म्हणाली. "दाखवून नाही खात." मग म्हणाली, "भूक लागली असेल, इमेदा. दुसरं काही पोटात ठरत नसेल."

मी म्हटलं, तू मोठ्या मनाची आहेस, मी नाही. फोन ठेवल्यावर वाटलं, बायको असावी तर अशी. ज्यांनी तिचं वाटोळं केलं त्यांच्यासाठीही तिचा जीव तुटतो.

१२ डिसेंबर

शिओ काका चाळीस उन्हाळे खिंडीतून ट्रक हाकत होते. गाड्यांच्या बाबतीत गावात त्यांचा शब्द चालतो. त्यांना विचारलं, पुन्हा निवा घेऊ की जपानी डेलिका?

"निवा म्हणजे शेळी," ते म्हणाले. "कुठेही चढेल. पण पाठीवर पोरं बसवायची असतील तर गाय घ्यावी."

डेलिका म्हणजे गाय. उंच, पोटानं मोठी, सीट मागे पाडली की अंथरूण. स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे दरीची कड थेट हाकणाऱ्याच्या डोळ्यांखाली. गावातल्या अर्ध्या लोकांकडे तीच आहे. काका पुढे म्हणाले, "इंजिन नंतर बघ. आधी विचार, या गाडीनं काय काय वाहिलंय." ते देवस्थानची बिअर गाळणाऱ्यांतले, ते असं म्हणणारच. मलाही तेच वाटतं.

१८ डिसेंबर

काल राचात होतो, संत बार्बराच्या सणाला, आज परतलो. सासूबाईंचा, दारेजानबाईंचा, गुडघा नीट पाहून घेतला. त्या गुडघ्यावर त्या लाकडाची मोळी घेऊन जिना चढल्या.

या सणाला राचात घरोघरी राजम्याची भरली रोटी करतात, आणि राजम्यात त्यांचं ते नावाजलेलं डुकराचं हॅम. चुलीवर वर्षभर टांगलेलं असतं, अख्ख्या घराला त्याचा धूर. माझ्यासाठी चीजची रोटी वेगळी.

"जावईबापू, तुमचं सोवळं वेगळ्या तव्यावर हो," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या डुकरासाठी तिबिलिसीहून माणसं येतात. आमचा जावई तेवढा त्याला बघून पळतो."

मी हसलो. एतेरी हसली नाही.

"वर तुमच्याकडे मागच्या उन्हाळ्यात पोरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता," सासूबाई रोटी उलटत म्हणाल्या. "चीज नको, मटण नको, लोण्याचा वाससुद्धा नको. खाली आली की फोनवर रडायची माझ्यापाशी. मग मीच..."

"आई, रोटी करपतेय," एतेरी म्हणाली.

रोटी करपत नव्हती. मी चुलीशेजारीच बसलो होतो. पण विषय तिथेच थांबला. माझ्यापाशी ती कधी रडली नाही, याचं मला वाईट वाटलं. वर असताना रोज संध्याकाळी एकटीच गाडीत जाऊन बसायची, म्हणायची, इथे फोनला रेंज येते. आईशीच बोलत असणार.

जेवणानंतर तिला फोनवर गाड्यांचे फोटो दाखवले. ती बराच वेळ बघत होती. मग विचारलं, "मागच्या सीटवर आडवं होता येतं?"

"आडवं? तीन पोरं झोपतील ओळीनं!"

ती उठून लाकडं आणायला गेली. चुलीशेजारी लाकडांची रास होती.

निघताना सासूबाईंनी वाटेसाठी चीजची रोटी कापडात बांधून दिली, वर लाल लोकर, दृष्ट लागू नये म्हणून. दिवसभराची मिनीबस, पोटात कावळे, आणि गाठ काही सुटेना. उपाशीच घरी आलो आणि सुरीनं कापली. रोटी गार झाली होती, तरी चांगली लागली. अर्धी कुर्शाला दिली.

२० जानेवारी

तेलावीला गेलो होतो, कुणाचं तरी छत दुरुस्त करायला. गाडी नसली की असलीच कामं. येताना लहान मुलांच्या दुकानात शिरलो. म्हटलं, गाडी घ्यायची तर पोराची सीट केवढी असते ते तरी माहीत हवं. टेप खिशात होताच. रुंदी मापली, पट्टा कुठून जातो पाहिलं.

दुकानातली मुलगी म्हणाली, "बाळ केवढं आहे?"

तोंडातून निघून गेलं, "आत्ताच झालंय."

"अय्या! मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

तिनं अभिनंदन केलं आणि एक खुळखुळा फुकट दिला. नको म्हणता येईना. आता तो टेबलावर आहे. कुर्शा जवळ आला की मी तो उचलून वर ठेवतो. खरं तर ती जगली असती तर एव्हाना झालीच असती. मुलगी होती की मुलगा, हेही आम्हाला ठाऊक नाही.

९ फेब्रुवारी

रुस्तावीचा गाड्यांचा बाजार. मैलोन् मैल गाड्या आणि प्रत्येकीपुढे एक खोटारडा. मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, हिनं कधी डुक्कर वाहिलंय का. तासाभरात बाजारभर नाव झालं. लांबूनच ओरडायचे, "अरे तो डुकरवाला आला!"

एक जण छातीवर हात ठेवून म्हणाला, "भावा, ही गाडी जपानमध्ये एका आजोबांकडे होती. बायकोच्या थडग्यावर फुलं न्यायला तेवढी काढायचे."

"आणि इथे आल्यावर?"

"इथे आल्यावर माझी सासू वाहिली. तिला कशात मोजायचं ते तू ठरव."

सगळे हसले, मीही हसलो. मग परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून वाटलं, एवढ्या माणसांत आज मला एकानंही विचारलं नाही की बाबा रे, तुला गाडी कशाला हवी. कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

२३ फेब्रुवारी

झेस्ताफोनीजवळच्या एका गावात डेलिका पाहायला गेलो. मालकाचं नाव ग्रामितोन, आडवा गडी, मिशा अशा की आधी त्याच दारातून बाहेर आल्या. आणि गाडी! खालून पत्रा खणखणीत. चारी चाकांचा दांडा टाकला तर लोण्यात सुरी. मागची सीट पाडली आणि आडवा होऊन पाहिलं, पाय पुरले. मनात म्हटलं, हीच. तेवढ्यात घरातून पोरं सांडली. एक, दोन, तीन, मोजेपर्यंत पाच. सगळी गाडीत चढली, जशी काही ती त्यांची खोलीच आहे.

मी खूश होऊन विचारलं, "ग्रामितोनभाऊ, या गाडीनं काय काय वाहिलंय?"

"डुकरं," तो म्हणाला. "आठ वर्षं. दर शुक्रवारी बाजाराला."

मी सीटवरून असा उठलो की डोकं छताला आपटलं.

"काय झालं? इंजिन ऐकायचं नाही?"

"मी तुश आहे, भाऊ. आमच्यात..."

"अच्छा, डुकराचं!" तो भडकला. "अरे, आठ वर्षं डुकरं आणि पाच पोरं, एकाच गाडीत! बाजाराला जाताना डुकरं, येताना पोरं. ही धाकटी तर याच सीटवर झाली. रिकोतीच्या बोगद्यात बायकोला कळा आल्या, मागे तीन डुकरं ओरडतायत, पुढे ही. कोण जास्त ओरडत होतं तेही सांगता आलं नसतं. बघ, काय वाईट झालंय तिचं?"

धाकटी स्टिअरिंगला लटकून हॉर्न वाजवत होती. काहीच वाईट झालेलं नव्हतं. मी बस गाठली.

२४ फेब्रुवारी

एतेरीला फोनवर ग्रामितोनची गोष्ट सांगितली, मिशांसकट. ती हसली. ऑगस्टनंतर पहिल्यांदा हसली, पोट धरून हसल्यासारखी. मग हसण्याचं काहीतरी वेगळंच झालं. मी हॅलो हॅलो करत राहिलो. तिथल्या डोंगरात रेंज नीट नसते.

मग स्वच्छ आवाजात म्हणाली, "ती मुलगी कशी आहे? बोगद्यात झालेली?"

"धडधाकट. हॉर्न वाजवून कान फोडले."

"नाव काय तिचं?"

"ते नाही विचारलं."

"विचारायला हवं होतंस," ती म्हणाली.

१७ मार्च

सापडली! तेलावीत एका संगीत शिकवणाऱ्या बाईंची डेलिका. त्या स्वतः मांस खात नाहीत. गाडीनं आजवर वाहिला तो एक पियानो आणि शाळेतली गाणारी पोरं. शिओ काकांना नेऊन दाखवली. काकांनी चाकाला दोनदा लाथ मारली आणि मान हलवली. त्यांची मान हलणं म्हणजे लग्न ठरण्यासारखं आहे. देवानंच ठेवली होती माझ्यासाठी, असं वाटलं.

फोटो पाठवले. उत्तर आलं नाही. संध्याकाळी फोन केला.

"नको," एतेरी म्हणाली.

"अगं पण का? रंग आवडला नाही का?"

"रंग चांगला आहे."

"मग? कसलाही डाग नसलेली गाडी आहे ही!"

"म्हणूनच नको. अशा गाडीत बसायची मला भीती वाटते, इमेदा."

मी चिडलो. म्हटलं, मळकी गाडी नको म्हणून वणवण फिरलो, आता स्वच्छही नको. तुला गाडी नकोय की मी नकोय? आणि मी फोन ठेवला. ठेवायला नको होता. इथे चुलीत लाकूड पडलं तरी दचकायला होतं, इतकं शांत असतं घर.

२९ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

सकाळी सगळं गाव स्मशानात. लाल अंडी थडग्यांवर लोळवली, वाईन शिंपडली. वडिलांच्या थडग्यावर मी एकटाच होतो. लोक विचारत होते, एतेरी? मी म्हणत होतो, गुडघा. एक अंडं जास्तीचं होतं. ज्याचं थडगंच नाही त्याच्यासाठी अंडं कुठे लोळवायचं, ते कळेना. खिशात घालून परत आणलं. फार एकटं वाटलं मला, इतकं की भर उन्हात रस्त्यात उभा राहिलो.

घरी आलो तर सासूबाईंनी मिनीबसवाल्याबरोबर ईस्टरचा केक पाठवलेला. कापडात, लाल लोकरीनं बांधलेला. गाठ सुटेना. सुरी घेतली, धाग्याखाली घातली, आणि हात तिथेच थांबला.

ही गाठ मी आधी कापली आहे. डिसेंबरमध्ये नाही. त्याच्याही आधी.

२ मे

दोन दिवस चिडलेला होतो. खोटं कशाला लिहू? डुक्कर वर चालत नाही हे तिला माहीत होतं. आमच्या घरात सून म्हणून आली त्या दिवशीच माझ्या आईनं तिला सांगितलं होतं. घरात ठेवता येत नाही म्हणून गाडीत ठेवलं आणि तिथे बसून खाल्लं. रेंज येते म्हणे! वर आमच्या अंगणात कुठेच रेंज येत नाही, गाडीत तर मुळीच नाही. आणि मी घरी असलो की ओसरीवरून तिला हात करायचो.

मग आठवत गेलं. अंधार पडायला लागलेला, डोंगरात दुसरं घर नाही, मी पाहुण्यांना घेऊन कुठेतरी फिरतोय. चीज समोर आलं की तोंड दाबून बाहेर पळायची. वाळत चालली होती. मी म्हणायचो, आमच्याकडच्या बायका चीज खाऊनच बाळंत झाल्या. मग चोरून, भीत भीत, आईच्या घरच्या वासाचे दोन घास. आणि मग ऑगस्ट.

आणि मग मी अंगणात.

माझा विश्वास उडाला असं नाही. अजूनही मला भीती वाटते. पण त्या ओरडण्याची त्याहून जास्त वाटते. मी म्हटलं होतं, मारलं. ती आठ महिने तो शब्द घेऊन बसली आहे, आणि दर रविवारी मी तिला फोन करून विचारतोय की गाडी किती स्वच्छ हवी.

४ मे

शिओ काका जत्रेच्या बिअरसाठी लाकडी पिंप धुवत होते. म्हटलं, "काका, डुकरं वाहिलेली गाडी कोणी घेतली तर?"

"कोणी म्हणजे?"

"मी."

पिंप धुणं थांबलं नाही. "गाडी काय, धुतली की निघते. लोकांची तोंडं धुता येत नाहीत. यजमानपद जाईल. पहिला पेला दुसऱ्याच्या हातात जाईल. तुझ्या हयातीत परत येईल असं नाही."

"माहीत आहे."

"माहीत आहे तर विचारतोस कशाला?"

"कुणाला तरी सांगायचं होतं."

त्यांनी पिंप उपडं घातलं, हात पुसले. "त्या दिवशी तू ओरडलास ना, तेव्हा मी कुंपणाशी होतो. सूनबाई राजमा निवडत होती. तू ओरडलास आणि ती निवडून बाजूला काढलेले खडे एकेक करून परत राजम्यात टाकायला लागली. मला वाटलं, तुला दिसलं असेल."

"तुम्ही बोलला का नाहीत काका?"

"नवरा-बायकोच्या राजम्यात मी कशाला हात घालू?"

घरी येऊन कपाटातला राजमा काढला. अजून तसाच आहे, डब्यात. बोटं घातली तर खडे लागले.

१८ मे

ग्रामितोननं मला लांबूनच ओळखलं. "आला की नाही परत! डोकं बरं आहे का?"

"बरं आहे. भाऊ, धाकटीचं नाव काय?"

"थेक्ले. का रे?"

"विचारायचं राहिलं होतं."

त्याच्या मिशा जरा खाली आल्या. म्हणाला, "थांब, पोरांना लावतो, आत-बाहेर धुऊन देतो. तुमचं ते सोवळं..."

"धुऊ नका," मी म्हटलं. "आहे तशीच द्या."

पोरं गाडीला निरोप द्यायला रस्त्यापर्यंत धावली. थेक्ले रडली. मागच्या सीटच्या फटीत तिची एक चप्पल राहिली आहे, ती मला रात्री वाटेत मुक्कामाला थांबल्यावर दिसली. पोस्टानं पाठवायला हवी.

१९ मे, राचा

सासूबाईंच्या अंगणात गाडी लावली आणि काचा खाली केल्या. तरी वास गेला नव्हता. शुक्रवारचा बाजार परवाचाच होता. एतेरी जिन्यावर उभी होती, हातात पाण्याची बादली.

येताना सगळ्या रस्त्याभर काय बोलायचं ते जुळवलं होतं. समोर ती दिसल्यावर एवढंच निघालं, "ही डुकरांची गाडी आहे. आठ वर्षं. त्यातच ती झाली, थेक्ले नाव तिचं."

तिनं बादली खाली ठेवली. गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकांवरचा चिखल पाहिला, मागच्या पत्र्यावरचे खुरांचे ओरखडे पाहिले, त्यावरून हात फिरवला.

"आणि जत्रा?" तिनं विचारलं.

"यजमान दुसरा कोणीतरी. शिओ काकांना सांगून आलोय."

"तुझी पाळी होती, इमेदा."

"होती."

मला म्हणायचं होतं की त्या दिवशी अंगणात मी जे ओरडलो ते खोटं होतं. तोंड उघडलं आणि हुंदकाच आला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि घरात निघून गेली. मी तिथेच उभा. वाटलं, उशीर झाला आपल्याला.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात कापडाची पुरचुंडी होती, लाल लोकरीनं बांधलेली. गाडीचं दार उघडून पुढच्या सीटवर बसली. मी हाकायच्या जागी बसलो. पुरचुंडी तिनं मांडीवर घेतली, धाग्याचं एक टोक शोधलं आणि बोटानं हलकेच ओढलं. गाठ लगेच सुटली. मी प्रत्येक वेळी सुरी आणली होती.

तिनं एक तुकडा तोडून तोंडात घातला. माझ्यासमोर. चावत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम.

"चल," मी म्हटलं, "घरी जाऊ या का?"

"उद्या बघू," ती म्हणाली. "आज नुसतं बसू इथे."

बसलो. थोड्या वेळानं तिनं सीटखाली हात घालून पुरचुंडी ठेवली, पूर्वी ठेवायची तशीच, फक्त या वेळी मी बघत होतो. सासूबाई जिन्यावरून ओरडल्या, "अगं, गाडीत काय बसलात? घर काय ओस पडलंय का?" आम्ही दोघांनी काचेतून त्यांना हात केला.